निस्तार: आजीच्या तोंडचा शब्द

आम्ही चिचगडहून बोलतोय. हातातलं काम चालू ठेवून ऐकलं तरी चालेल, कारण आजचा विषय हातातल्या कामाचाच आहे. आज आम्ही तुम्हाला एका शब्दाची गोष्ट सांगणार आहोत. शब्द जुना आहे, आपल्या झाडीपट्टीतला आहे. पुण्या-मुंबईकडच्या माणसाजवळ बोललात, तर तो त्याचा भलताच अर्थ लावील. तो शब्द म्हणजे ‘निस्तार’.

झालं असं, की आमच्या गटाच्या बैठकीत ग्रामसभेची सूचना वाचायला घेतली. वाचत होती आमच्यातली एक नवी सून. शिकलेली, पण माहेर दूर, घाटावरचं. सूचनेत ‘निस्तार हक्क’ असे शब्द आले आणि ती थांबली. म्हणाली, “निस्तार म्हणजे? निस्तरणं का? कुणी काय घोळ घातलाय, जो आता गावानं निस्तरायचा?”

बायका हसल्या. कोपऱ्यात बसलेली आजी मात्र हसली नाही. ती म्हणाली, “घोळ नाही व माय. चुलीत जे जळते ते निस्तार. गाय जिथं चरते ते निस्तार. ज्या तलावावर आपण धुणं धुतो तोही निस्तार.”

त्या दिवसापासून हा शब्द आमच्या डोक्यात बसला. सुनेचा अर्थ वेगळा आणि आजीचा वेगळा, मग खरा कोणता? शोधत गेलो तेव्हा कळलं, की दोघी बरोबर होत्या. आणि हेही कळलं, की आजीचा शब्द नुसता बोलीतला शब्द नाही. तो देशाच्या कायद्यात जाऊन बसलाय.

आधी शब्दाचं मूळ बघू. संस्कृतात ‘तॄ’ नावाचा धातू आहे. त्याचा अर्थ पार जाणं, ओलांडणं. आपण रोज बोलतो ते कितीतरी शब्द त्याच्यापासून आलेत. पाण्यावर तरणं, बुडत्याला तारणं, समुद्रातलं तारू, डोंगराचा उतार, हे सगळे त्याच घरचे. तीर्थ हाही त्याच घरचा शब्द. जिथून नदी ओलांडता येते ती जागा, हा तीर्थाचा जुना अर्थ. या धातूला मागे ‘निस्’ लागला, की पुरतं पार होणं, सुटून बाहेर येणं असा अर्थ होतो. तोच निस्तार. संस्कृतात देणं फेडून मोकळं होण्यालाही निस्तार म्हणत. हिंदीत निस्तार म्हणजे उद्धार. घाटावरच्या मराठीत ‘निस्तरणं’ म्हणजे अडचणीतून, घोळातून पार पडणं. सुनेला आठवला तो हा अर्थ.

आपल्याकडे मात्र हा शब्द देवळातून आणि पोथीतून उतरून अंगणात आला. आम्हाला त्याची वाट अशी दिसते: पार पडायचं ते काय? तर दिवस. आणि दिवस पार पाडायला लागतं काय? चुलीला सरपण, कुंपणाला काट्या, नांगराला लाकूड, छपराला बांबू, गुरांना चारा, अंग धुवायला पाणी, भिंत लिपायला माती. गावाच्या भोवतालातून जे घेतल्याशिवाय दिवस निघत नाही, ते निस्तार. पलीकडे छत्तीसगडात आंघोळीच्या, धुण्याच्या तलावाला आजही ‘निस्तारी तालाब’ म्हणतात. तिकडून आपल्या गावात दिलेल्या मुलींना हा शब्द शिकवावा लागत नाही.

मग हा शब्द आपल्याकडे आणि छत्तीसगडात सारखा, आणि घाटावर वेगळा, असं का? याचं उत्तर इतिहासात आहे. नागपूरच्या भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केलं. १८६१ मध्ये त्यांनी ‘मध्य प्रांत’ नावाचा प्रांत केला आणि त्याची राजधानी नागपूर. आपला भंडारा जिल्हा, चांदा, नागपूर, वर्धा, आणि तिकडे रायपूर, बिलासपूर, हे सगळं त्या एका प्रांतात आलं. १९५६ पर्यंत आपण आणि छत्तीसगड एकाच सरकारखाली होतो. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून आपला गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. सरकारं बदलली, सीमा हलल्या, पण जुन्या प्रांताचा शब्द लोकांच्या तोंडी राहिला.

आता आपल्या चिचगडाकडे या. चिचगड ही एक जमीनदारी होती. कामठा, आमगाव अशा आणखीही जमीनदाऱ्या जुन्या भंडारा जिल्ह्यात होत्या. जमीनदाराकडे जंगलाचा मोठा पट्टा असायचा. बाकीच्या गावांत मालगुजार. ‘मालगुजार’ हा शब्दही ऐका. ‘माल’ म्हणजे सारा आणि ‘गुजार’ म्हणजे भरणारा. सरकारला सारा भरणारा तो मालगुजार. इंग्रजांनी १८६० नंतरच्या बंदोबस्तात या सारा भरणाऱ्यांनाच गावाचे मालक करून टाकलं. त्याआधी जंगल कुणाचं, पडीत कुणाची, तलाव कुणाचा, हे विचारायची फारशी वेळ येत नव्हती. आता सगळ्याला मालक आला.

पण मालक आला तरी गावाची चूल थांबत नाही. म्हणून बंदोबस्ताच्या कागदांत गावाच्या वहिवाटीही लिहून ठेवल्या गेल्या. पडीत जागेत गुरं कुणाची चरतील, तलावाचं पाणी कुणाला मिळेल, वाट कुठून जाईल, लाकूड कोणी किती न्यावं. या कागदाचं नाव होतं ‘वाजिब-उल-अर्ज’. नाव अवघड वाटतं, पण त्यातले दोन्ही शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. वाजिब म्हणजे वाजवी, योग्य. अर्ज तर आपण रोजच करतो. जे मांडणं वाजवी आहे ते, असा त्या कागदाचा अर्थ. कुठे हा निस्तार फुकट असे, कुठे वर्षाला ठरलेला पैसा भरावा लागे. पण गावाला गरजेपुरतं मिळालं पाहिजे, हे धरलेलं होतं.

सरकारच्या ताब्यातल्या जंगलात मात्र वेगळं घडलं. १८६५ मध्ये पहिला वनकायदा आला, १८७८ मध्ये दुसरा, अधिक कडक, आणि १९२७ मध्ये आजही चालू असलेला भारतीय वन कायदा. या कायद्यांमागचा विचार असा होता, की लोक पूर्वापार जंगलातून जे घेतात तो त्यांचा हक्क नाही, ती सरकारनं दिलेली सवलत आहे. मैत्रिणींनो, ‘हक्क’ आणि ‘सवलत’ या दोन शब्दांत किती अंतर आहे, ते बघा. हक्क काढून घ्यायला कारण द्यावं लागतं. सवलत नको वाटली की बंद करता येते. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला आणि त्यांना अटक झाली. जंगल सत्याग्रह म्हणतात तो हा. गवताची पेंढी कापणं हा गुन्हा ठरला होता, म्हणूनच ती कापणं हा सत्याग्रह झाला.

गंमत म्हणजे, हे कायदे करणाऱ्या साहेबांच्या स्वतःच्या देशातही निस्तारासारखे शब्द होते. इंग्लंडातल्या खेड्यांत ‘फायरबोट’ असा एक जुना शब्द होता. त्याचं आपल्या बोटाशी किंवा नावेशी नातं नाही. ‘बोट’ म्हणजे जुन्या इंग्रजीत लाभ, भरपाई. चुलीपुरतं लाकूड सामाईक रानातून आणायचा हक्क म्हणजे फायरबोट. कुंपणाच्या लाकडाचा हक्क तो ‘हेजबोट’. या सगळ्या हक्कांना मिळून एक शब्द होता, ‘एस्टोव्हर्स’. तो फ्रेंचातून आला आणि त्याचा अर्थ ‘जे लागतंच ते’. आपल्या निस्ताराच्या किती जवळ आहे, बघा! तिथे १२१७ मध्ये राजाच्या नावानं जंगलाची एक सनद निघाली, आणि त्याच वर्षी पुन्हा काढलेल्या मोठ्या सनदेत लिहिलं गेलं, की विधवेला सामाईकातून तिच्या गरजेपुरतं मिळावं. आठशे वर्षांपूर्वी तिकडच्या राजाला एकट्या बाईची चूल लक्षात ठेवावी लागली. पुढे तिकडेही श्रीमंतांनी सामाईक रानांना कुंपणं घातली आणि असे कितीतरी हक्क बुडाले. फायरबोट आता तिकडच्या बहुतेकांना ऐकूनही माहीत नसतो.

आपला शब्द मात्र बुडाला नाही. का, ते पुढे ऐका.

स्वातंत्र्य आलं आणि जुन्या मध्य प्रदेश सरकारनं जमीनदारी, मालगुजारी संपवण्याचा कायदा १९५० मध्ये केला. ३१ मार्च १९५१ पासून जमीनदार-मालगुजारांचे मालकी हक्क सरकारजमा झाले. जंगल सरकारचं, पडीत सरकारची, तलावही सरकारचे. आपण ज्यांना ‘मामा तलाव’ म्हणतो, ते कुणाच्या मामाचे नाहीत. ‘माजी मालगुजारी’चं ते छोटं रूप, माजीतला मा आणि मालगुजारीतला मा. मालक गेला ही आनंदाची गोष्ट, पण प्रश्न उरलाच: आता गावाचा निस्तार कुठून? तेव्हा गावोगाव ‘निस्तार पत्रक’ नावाचा कागद करायचं ठरलं. विदर्भ महाराष्ट्रात आल्यावरही तो कागद राहिला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ यात विदर्भातल्या गावांसाठी याचं वेगळं प्रकरण आहे. कलम १६१ सांगतं, की जिल्हाधिकाऱ्यानं गावातल्या कुणाच्या ताब्यात नसलेल्या जमिनीच्या व्यवस्थेसाठी निस्तार पत्रक तयार करावं. त्याचा मसुदा गावात जाहीर करावा, गावकऱ्यांचं म्हणणं ऐकावं, मग ते पक्कं करावं. ग्रामपंचायतीनं मागणी केली तर चौकशी करून नोंद बदलताही येते. पुढच्या कलमांत चराई आहे, जळाऊ लाकूड आहे, इमारती लाकूड आहे, मुरूम, वाळू, माती, दगड आहे. शेतीच्या गुरांना फुकट चराई मिळावी, घरच्या वापरापुरतं फुकट नेता यावं, गावच्या कारागिरांना सवलत असावी, असंही त्यात म्हटलंय. आणि कलम १६५ मध्ये आपला जुना वाजिब-उल-अर्जही जिवंत आहे. पाण्याच्या, वाटेच्या, मासेमारीच्या गावरिवाजांची ती नोंद.

इतकं सगळं आम्ही आजीला सांगितलं, तेव्हा तिनं विचारलं, “मग लाकडाची मोळी आणताना आमी लपत काहून होतो?”

या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. खरं म्हणजे उत्तर तिच्याच प्रश्नात होतं. कागद होता, पण तो बाईच्या हाती नव्हता. निस्तार सगळा बाईच्या डोक्यावर, आणि निस्ताराचा कागद कपाटात. मोळी तिनं आणायची, पाणी तिनं भरायचं, पळसाची पानं तिनं तोडायची, पण पत्रकात काय लिहिलंय, हे तिला कुणी वाचून दाखवलं नाही. हक्क कुणाला माहीत नसला, की तो सवलतीसारखाच वागतो. कुणी हटकलं की आपण खाली मान घालतो.

म्हणून २००६ चा वनहक्क कायदा आपल्यासाठी मोठी गोष्ट आहे. तो ३१ डिसेंबर २००७ पासून लागू झाला. अनुसूचित जमातींचे आणि इतर पारंपरिक वननिवासींचे वनहक्क मान्य करणारा तो कायदा. त्याच्या कलम ३ मध्ये हक्कांची यादी आहे. त्यातला दुसराच हक्क आहे निस्ताराचा. कायदा म्हणतो, निस्तारासारखे सामूहिक हक्क, मग त्यांना कोणत्याही नावानं ओळखलं जात असो, आणि जुन्या संस्थानांत, जमीनदाऱ्यांत चालत आलेले हक्कही. बायांनो, ‘जमीनदारी’ हा शब्द तिथं आहे. म्हणजे चिचगडसारख्या गावाचं दार त्या कायद्यानं उघडंच ठेवलंय. सगळा देश वापरतो त्या कायद्यात, इंग्रजी मजकुरातसुद्धा, आपल्या आजीचा ‘निस्तार’ तसाच्या तसा लिहिलेला आहे. त्याला दुसरा शब्द त्यांना सापडला नाही.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. निस्तार घरच्या गरजेपुरता असतो. मोहफूल, तेंदूपान, चारोळी, मध, लाख, बांबू या गौण वनोपजाचा हक्क वेगळा लिहिलाय. ते गोळा करता येतं आणि विकताही येतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि २७ एप्रिल २०११ रोजी त्यांच्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः द्यायचा अधिकार मिळाला. त्या गावात निर्णय एकमतानं होतात, आणि बायका बैठकीला बसतात.

आता आपल्या कामाचं. वनहक्काच्या नियमांत तीन गोष्टी अशा आहेत, ज्या प्रत्येक गटानं वहीत लिहून ठेवाव्या.

पहिली गोष्ट. गावाच्या वनहक्क समितीत दहा ते पंधरा माणसं असतात आणि त्यात किमान एक तृतीयांश बायका लागतात.

दुसरी. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका हव्यात. म्हणजे आपण घरी बसलो तर ग्रामसभा पुरीच होत नाही. आपल्या जाण्यानं कोरम भरतो, आपल्या न जाण्यानं गावाचा दावा अडतो.

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. दाव्याला पुरावा लागतो. जुनी गॅझेटियर, नकाशे, बंदोबस्ताचे अहवाल, निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज हे पुरावे आहेतच. पण त्यासोबत गावातल्या वडीलधाऱ्यांचं सांगणं लिहून घेतलं, तर तोही पुरावा धरला जातो. देवराईतलं झाड, जुनी बोडी, स्मशान, चराईची वाट, कंदमुळं काढायची जागा, हेही पुरावे. जे आदिवासी नाहीत, त्या पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे १३ डिसेंबर २००५ च्या आधी पंचाहत्तर वर्षांचा वास दाखवावा लागतो. त्यांना तर म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींची गरज आणखी जास्त.

म्हणून आमच्या गटानं एक काम सुरू केलंय. दर बैठकीला एका आजीला मधे बसवायचं आणि विचारायचं: तू लग्न होऊन आलीस तेव्हा सरपण कुठून आणायचीस? गुरांचा आखर कुठे होता? भिंतीची माती कोणत्या जागेवरून? कोणती बोडी धुण्याची, कोणती गुरांची? पानं कुठली, कंद कुठले? वाट कुठून जायची आणि ती कधी बंद झाली? ज्या सुनेनं तो शब्द अडखळत वाचला होता, तीच आता लिहून घेते. जागेचं नाव आजी सांगेल तसंच लिहायचं, शुद्ध करायचं नाही, हे आम्ही ठरवून घेतलंय. कारण जागेचं जुनं नाव गेलं, की तिथली वहिवाटही सिद्ध करणं कठीण होतं. खाली आजीचा अंगठा किंवा सही, तारीख, आणि साक्षीला दोघी.

कुणी म्हणेल, आता घरोघरी गॅस आला, निस्तार कशाला? आम्हीही यावर बोललो. मोळी वाहून मान मोडली, हे कुणाला हवंय? मुलींच्या डोक्यावर ती मोळी नको, असंच आम्हाला वाटतं. पण निस्तार म्हणजे नुसतं सरपण नाही. सिलिंडर संपला आणि पैसे नसले, तर त्या दिवसाची चूल निस्ताराचीच असते. गुरं गॅसवर जगत नाहीत. स्मशान, तलाव, वाट, आखर यांना पर्याय बाजारात मिळत नाही. आणि ज्या जागेवर गावाची वहिवाट कागदावर नाही, ती जागा ‘पडीत’ म्हणून दुसऱ्या कामाला द्यायला वेळ लागत नाही.

याला दुसरी बाजूही आहे. गरजेपुरतं, हे निस्ताराच्या पोटातच आहे. ओरबाडलं तर तो निस्तार नाही. वनहक्क कायद्यानं हक्कासोबत जंगल, पाणी आणि जनावरं राखायचं कामही ग्रामसभेला दिलंय. आपल्याच जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढीवर समाजाच्या बायकांनी तलावांत माजलेली बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या, मासे परत यावेत म्हणून खपल्या. निस्तार राखणं ते हे.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करा. तलाठ्याकडे किंवा तहसील कार्यालयात आपल्या गावाच्या निस्तार पत्रकाची आणि वाजिब-उल-अर्जाची नक्कल मागा. एकटीनं नाही, चौघींनी जा. तोंडी सांगून भागलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. आणि घरातल्या आजीजवळ बसा. तिची आठवण हा गावाचा सातबारा आहे, आणि तो फक्त तिच्याजवळ आहे.

आमच्या आजीला आम्ही शेवटी विचारलं, की तुझं सांगणं आता कागदावर आलं, कसं वाटलं? ती म्हणाली, “आता लपाचं नाही. बस.”

येतो आम्ही. नमस्कार.